थांबलेल्या यंत्राचे वाचन: सॉलिहलचे मोटारसायकल संग्रहालय आणि कॅमेरा

संग्रहालयातली मोटारसायकल ही थांबलेली मोटारसायकल असते. तिचा आवाज, तापलेल्या तेलाचा वास, हँडलमधून मनगटापर्यंत पोचणारी थरथर, वळणावर कलण्याची रीत, यांतले काहीच पाहणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. हाती लागतो तो आकार, धातू, रंग आणि रचना. यंत्राचे वर्तन वजा होते आणि त्यामागचा विचार शिल्लक राहतो. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने हे आधीच मान्य केले तर त्याचे बरेचसे काम सोपे होते. मग तो उभ्या गाडीत वेगाचा आभास आणायच्या खटपटीत पडत नाही. समोरच्या लोखंडात कोणता प्रश्न सोडवला आहे, ते शोधू लागतो. माझे प्रतिपादन असे की जुन्या मोटारसायकलीचा फोटो कोणत्या कोनातून घ्यावा, हे त्या यंत्राने सोडवलेला प्रश्न ठरवतो. सौंदर्यदृष्टीचे काम त्यानंतर सुरू होते.

याच्या दुसऱ्या टोकाला एक प्रसिद्ध फोटो आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेत बॉनव्हिल येथे, मिठाच्या सपाट मैदानावर, रोली फ्री हा चालक अंगावर फक्त पोहण्याची चड्डी ठेवून व्हिन्सेंट गाडीवर पालथा पसरला आणि त्याने ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. शेजारून धावणाऱ्या मोटारीतून घेतलेला तो फोटो मोटारसायकलीबद्दल जेवढे सांगतो, तेवढे फार थोड्या फोटोंनी सांगितले असेल. पण त्यात माणूस आणि वेग दिसतो. इंजिनाची बांधणी पाहायला कुणी थांबत नाही. ती बांधणी पाहण्याची जागा म्हणजे संग्रहालय.

संग्रहाची जागा आणि त्याची व्याप्ती

विवेचनासाठी मी इंग्लंडमधल्या सॉलिहलजवळचे नॅशनल मोटरसायकल म्युझियम घेतो. रॉय रिचर्ड्स या उद्योजकाच्या संग्रहातून ते उभे राहिले आणि १९८४ साली लोकांसाठी खुले झाले. इथे ब्रिटिश बनावटीच्याच गाड्या आहेत, आणि त्या शेकड्यांनी आहेत. ही मर्यादा मला संग्रहाची मोठी ताकद वाटते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बार्बर संग्रहालयात दीड हजाराहून अधिक मोटारसायकली आहेत, जगभरच्या आहेत, आणि त्यांची मांडणी डोळे दिपवणारी आहे. पण तिथे नजर एका परंपरेतून दुसरीत उड्या मारत राहते. सॉलिहलला एकाच उद्योगाची पिढ्यान् पिढ्यांची वाटचाल सलग पाहता येते.

शिवाय हे संग्रहालय त्या उद्योगाच्या माहेरीच आहे. पश्चिमेला बर्मिंगहॅम, तिथे स्मॉल हीथ भागात बीएसएचा कारखाना होता आणि ॲस्टन भागात नॉर्टनचा. पूर्वेला काही किलोमीटरवर मेरिडन. कॉव्हेंट्रीतला कारखाना १९४०च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाल्यावर ट्रायम्फ १९४२ साली तिथे गेली. दक्षिणेला रेडिच, रॉयल एनफिल्डचे मूळ गाव.

‘विंटेज’ हा शब्द आपल्याकडे कोणत्याही जुन्या गाडीला सरसकट लावला जातो. ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबने त्याला काटेकोर अर्थ दिला आहे: १९१४ अखेरपर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’, १९१५ ते १९३० मधल्या ‘विंटेज’. भारतात २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले वाहन विंटेज ठरते आणि त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. ब्रिटिश व्याख्या तंत्राच्या टप्प्यांशी जुळते, भारतीय व्याख्या फक्त वय मोजते. फोटो घेणाऱ्याला पहिली जास्त उपयोगी, कारण १९३०च्या आसपास गाडीचे रूप खरोखरच पालटले. ते कसे, हे पुढे निकेल आणि क्रोमच्या संदर्भात येईलच.

प्रश्न आधी, कोन नंतर

अशा दालनात आलेला माणूस सहसा गाडीच्या बाजूला उभा राहतो आणि पूर्ण गाडी चौकटीत बसवतो. ही बाजूची आकृती नोंदीसाठी आवश्यकच आहे. ती मात्र शिस्तीत घ्यावी: कॅमेरा इंजिनाच्या उंचीवर, दोन्ही चाके गोल दिसतील इतका लांब, भिंग ५० ते ८५ मिलिमीटरचे. जवळ जाऊन रुंद भिंग लावले की पुढचे चाक अंड्यासारखे होते आणि चाकांमधले अंतर, टाकीची लांबी, सीटची उंची यांची परस्पर प्रमाणे खोटी ठरतात. पण कित्येक गाड्यांच्या बाबतीत बाजूची आकृती मुद्द्याची गोष्टच लपवते.

ट्रायम्फ स्पीड ट्विन हे याचे उत्तम उदाहरण. एडवर्ड टर्नरने आखलेली ही ४९८ सीसीची गाडी १९३७ साली बाजारात आली. त्याआधी ५०० सीसी म्हणजे बहुतेक वेळा एक मोठा सिलिंडर, हे समीकरण पक्के होते. टर्नरने दोन सिलिंडर शेजारी-शेजारी ठेवले, दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली जातील अशी क्रँक दिली आणि सगळा ऐवज इतका आटोपशीर बसवला की तो एका सिलिंडरच्या जागेत मावला. बाजूने पाहणाऱ्याला ही गाडी जुन्या वळणाची, दोन सायलेन्सर असलेली एकसिलिंडरच वाटावी. गिऱ्हाइकाला बिचकवायचे नाही, हाही त्या आराखड्याचा भाग होता. तेव्हा स्पीड ट्विनचा बाजूचा फोटो तिचे सोंग टिपतो. तिचे मर्म पकडायचे तर समोर गुडघ्यावर बसावे लागते. पुढच्या चाकाच्या वर, फ्रेमच्या खाली येणाऱ्या नळीच्या दोन्ही अंगांना सिलिंडर सारखे डोकावतात आणि दोन नळ्या बाहेर वळतात. पुढची निदान तीस वर्षे ब्रिटिश उद्योग याच मांडणीवर जगला, आणि शेवटी तिच्यातच अडकला.

टर्नरचीच एरियल स्क्वेअर फोर घ्या. चार सिलिंडर चौकोनात, खाली दातांनी एकमेकांशी जोडलेल्या दोन क्रँक. १९३१च्या हंगामापासून १९५९पर्यंत ती विकली गेली. तिचा कायमचा त्रास म्हणजे मागचे दोन सिलिंडर पुढच्यांच्या आडोशाला असल्याने वाऱ्याला पारखे होत आणि तापत. हा प्रश्न बाजूने दिसतच नाही. कॅमेरा डोक्याच्या उंचीवर नेऊन टाकीच्या पुढच्या कडेवरून खाली पाहिले की वारा कुठे अडतो, हे एका नजरेत कळते.

व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोपाशी बहुतेक कॅमेरे तिच्या भल्यामोठ्या स्पीडोमीटरवर रोखलेले असतात. १५० मैलांपर्यंत आकडे असलेली ती तबकडी देखणी आहे, यात वाद नाही. पण फिलिप व्हिन्सेंट आणि फिल आयर्व्हिंग यांनी जे धाडस केले ते टाकीखाली आहे. युद्धानंतरच्या या ९९८ सीसीच्या गाड्यांना नेहमीची नळ्यांची फ्रेम नाही. वर एक पेटीसारखा कणा, त्यातच तेलाची टाकी, आणि त्याला खाली लटकवलेले इंजिन. इंजिनच गाडीचा भार पेलते. तेव्हा सिलिंडरच्या डोक्यापासून हँडलच्या मानेपर्यंतची ती वीतभर जागा भरचौकटीत घेणे, हा माझ्या मते ब्लॅक शॅडोचा खरा फोटो. उलट १९५०च्या नॉर्टन रेसरची कीर्ती सगळी फ्रेमची. बेलफास्टच्या मॅक्कँडलेस बंधूंनी नळ्यांची जी दुहेरी चौकट बनवली ती ‘फेदरबेड’ म्हणून ओळखली गेली, आणि त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी ही शर्यत जिंकली. या फ्रेमच्या नळ्या मानेपाशी एकमेकींना ओलांडून जातात. फोटोत ती गाठ आली नाही तर काहीच आले नाही.

पहिल्या महायुद्धाआधीच्या गाड्यांपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो, कारण तिथे उत्तरे अजून ठरायची होती. १९११च्या रज मल्टीपुढे बसून पाहावे. गिअरबॉक्स अजून बाळसे धरत होता, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकाला पोचवायला पट्टा होता. रजच्या कारागिरांनी इंजिनाकडच्या पुलीच्या दोन तबकड्या जवळ-लांब होतील अशी सोय केली. तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो आणि पुली जणू मोठी होते. पण तेवढ्याने पट्टा ताणला जाईल. म्हणून मागच्या चाकावरच्या पट्ट्याच्या खाचेची एक कडा त्याच वेळी बाहेर सरकते आणि तिथे पट्टा खाली उतरतो. दोन्ही हालचाली टाकीच्या कडेच्या एकाच लांब दांड्याला जोडलेल्या. दांड्याच्या बाजूला दाते असलेली पट्टी, म्हणजे हव्या त्या जागी दांडा अडकवता येतो. आजच्या स्कूटरमधल्या सीव्हीटीचे तत्त्व हेच, फक्त तिथे दांडा हलवायला माणूस नाही. या यंत्राचा एक फोटो पुरत नाही. दांडा, पुढची पुली आणि मागची खाच असे तीन फोटो एकाच बाजूने, एकाच उंचीवरून आणि क्रमाने घेतले, तरच पाहणाऱ्याला कार्यकारण लागते.

शेजारी स्कॉट असेल तर तुलना आणखी रंगते. आल्फ्रेड स्कॉटने यॉर्कशायरमध्ये दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन बनवले आणि त्याच्या गाड्यांनी १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षे सीनियर टीटी जिंकली. १९१४ साली तीच शर्यत रजने मारली. दोन कारखाने, दोन अगदी वेगळी उत्तरे, आणि दोन्ही तितकीच समर्थ. पुढे मोटारसायकलींत रूढ झाले ते यांतले एकही नाही. संग्रहालयात जाऊन मला जे शिकायला मिळते त्यात हे फार वरचे आहे: जो मार्ग उद्योगाने सोडून दिला, तो चुकीचाच होता असे नाही.

झळाळीवर विश्वास किती ठेवावा

दालनातल्या गाड्या झगमगत असतात, आणि त्या झगमगाटाची छाननी करणे हे फोटो घेणाऱ्याचे दुसरे मोठे काम. शंभर वर्षांच्या गाडीवरचा रंग शंभर वर्षांचा क्वचितच असतो. नवीकरण आणि जतन यांच्यातला भेद इथे कळीचा आहे. नवीकरणात गाडी कारखान्यातून निघाली त्या रूपात परत आणायचा प्रयत्न होतो. जतनात तिने सोसलेले सगळे तसेच ठेवून फक्त पुढची झीज थांबवली जाते. दोन्हींना जागा आहे. पण नवीकरणाच्या उत्साहात गाडी कधीच नव्हती इतकी देखणी केली जाते, तेव्हा तिची साक्ष बिघडते.

याची एक साधी खूण धातूच्या रंगात आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोटारसायकलीच्या चमकत्या भागांवर निकेलचा मुलामा असे. क्रोम त्यानंतर रुळला. निकेलची चमक किंचित पिवळसर, ऊबदार. क्रोमची निळसर आणि थंड. १९२४ सालच्या ब्रॉ सुपीरियरच्या टाकीवर थंड निळसर चमक दिसली, तर मुलामा नंतरचा आहे असे समजावे. जॉर्ज ब्रॉच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली ती गोलसर, चमकती टाकी म्हणजे या गाडीची ओळखच. टी. ई. लॉरेन्स ज्या गाड्यांवर जीव टाकत असे, त्या याच. म्हणून तिथे तर ही खूण डोळ्यांत तेल घालून पाहावी.

आता अडचण अशी की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स नेमका हाच फरक पुसून टाकतो. पिवळसर झाक दिसली की तो ती दोष समजून दुरुस्त करतो. म्हणून दालनात शिरल्यावर करड्या कार्डाचा एक फोटो घ्यावा, त्यावरून रंगाचे माप पक्के करावे आणि प्रकाश बदलेपर्यंत ते हलवू नये.

दुसरी खूण नट-बोल्टची. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचे आटे विटवर्थ किंवा सायकल-धाटणीचे, बोल्टची डोकी बाहेरून षटकोनी. १९२०च्या दशकातल्या गाडीवर ॲलन-कीचा बोल्ट दिसला, तर तो जवळून टिपून ठेवावा. त्यामागे बहुधा वाईट हेतू नसतो. कुणाला मूळ बोल्ट मिळाला नसेल, गाडी चालती ठेवायची असेल. पण पुढच्या अभ्यासकाला ते कळायला हवे.

प्रकाश, काच आणि क्रोम

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो, एक भाग सोडून. दालनात प्रकाश बेताचा आणि गाड्या खेटून उभ्या. तिपाई चालेल का, हे दारातच विचारावे. गर्दीच्या वाटेत ती लोकांच्या पायात येते, म्हणून नकार मिळाला तर तो रास्त मानावा. हातात धरून ५० मिलिमीटरच्या भिंगाने तीन मीटरवरून फोटो घेताना, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, ॲपर्चर एफ/२.८ ठेवले तर जेमतेम साठ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. तिरक्या कोनात तेवढ्यात इंजिन बसते, चाके धूसर होतात. एफ/८ला हाच पट्टा दोन मीटरच्या जवळ जातो आणि गाडी पुरी येते. त्याची किंमत म्हणून आयएसओ तीन-चार हजारांवर न्यावा लागतो. तो न्यावा. थोडी रवाळ पण पूर्ण नोंद ही गुळगुळीत पण अर्धवट नोंदीपेक्षा केव्हाही मोलाची. ब्रिटनमध्ये वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, म्हणजे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की फोटोवर काळे-पिवळे पट्टे उमटत नाहीत.

जो भाग नीट समजून घ्यायला हवा तो परावर्तनाचा. चमक मारायची म्हणून बरेच जण पोलरायझर लावतात आणि क्रोमवर त्याचा काही उपयोग होत नाही म्हणून हिरमुसतात. कारण भौतिकीत आहे. काच, वार्निश आणि रंग यांच्यावरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित होतो, साधारण पंचावन्न अंशांच्या आसपास तर जवळजवळ पूर्ण, आणि तो पोलरायझर अडवू शकतो. धातूवरून परतणारा प्रकाश असा फारसा ध्रुवित होत नाही. म्हणून पोलरायझर टाकीच्या काळ्या रंगावर, सोनेरी रेघांवर किंवा काचेच्या कपाटासमोर कामाला येतो. सायलेन्सरवर आणि हेडलाइटच्या वाटीवर तो निव्वळ प्रकाश खातो.

क्रोमला दाखवण्याजोगा स्वतःचा रंग फारसा नसतो. समोर जे असेल ते तो परत देतो. तेव्हा त्याच्यासमोर काय आहे, याची व्यवस्था हाच उपाय. गडद, एकरंगी कपडे घालावेत, पाठीशी उजळ पाटी किंवा खिडकी येणार नाही अशी जागा धरावी, आणि फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅशचा पांढरा ठिपका ज्या जागी पडतो तिथली माहिती कायमची जाते, आणि तो पडतो नेमका इंजिनाच्या गोलाईवर.

१६ सप्टेंबर २००३

हे सगळे इतक्या बारकाईने का करायचे, याचे उत्तर या संग्रहालयाच्याच इतिहासात आहे. १६ सप्टेंबर २००३ रोजी इथे आग लागली. टाकलेल्या सिगारेटने ती लागली असे निष्पन्न झाले. पाचपैकी तीन दालने गेली आणि सुमारे ३८० मोटारसायकली जळाल्या किंवा होरपळल्या. ॲल्युमिनियमची क्रँककेस वितळून खाली थिजते, ओतीव लोखंड तडकते, नळ्या वाकतात. पुढच्या वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, संग्रहालय पुन्हा उघडले. जळालेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशा कारागिरांनी नव्याने उभ्या केल्या. २०२१च्या जानेवारीत ऑस्ट्रियातल्या होखगुर्गल येथील मोटारसायकल संग्रहालयही असेच आगीत भस्मसात झाले.

अशा वेळी कोणता फोटो कामी येतो, याचा विचार करावा. झळाळत्या टाकीचा येत नाही. ऑइल पंपापासून निघालेली नळी कोणत्या बाजूने वर जाते, मॅग्नेटोची केबल कोणत्या पट्टीने धरली आहे, कार्ब्युरेटरचा जोड किती अंशांत वळला आहे, मडगार्डची काडी आतून बसते की बाहेरून, हे ज्यात दिसते तो येतो. पुस्तकांतून आणि कॅटलॉगमधून असले तपशील मिळत नाहीत. तिथे गाडी नेहमी चांगल्या बाजूने उभी असते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या गाडीची डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजूंची नोंद घ्यावी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा उजवीकडे टायमिंगची चाके आणि डावीकडे प्रायमरी चेन, म्हणजे दोन बाजूंची कामे पूर्ण वेगळी. आणि गाडीच्या फोटोंआधी तिच्या माहितीपाटीचा फोटो घ्यावा. हजारभर फोटोंत मागाहून ओळख पटवणे कठीण जाते. एक पथ्य मात्र पाळावे: इंजिन आणि चॅसी क्रमांक स्वतःच्या नोंदीसाठी टिपले तरी ते चारचौघांत पसरवू नयेत. जुन्या गाड्यांना किमती आल्यापासून खोट्या कागदपत्रांचा धंदाही आला आहे.

आपल्या हाताला ठाऊक असलेली यंत्रे

मराठी माणूस या दालनात शिरतो तेव्हा त्याच्याकडे एक अशी जाण असते, जी आज तिथल्या पुष्कळ तरुण प्रेक्षकांकडे नसावी. रेडिचची रॉयल एनफिल्ड इंग्लंडमध्ये १९७०च्या सुमारास संपली. मद्रासला १९५५ पासून सुरू झालेली तिची शाखा मात्र १९४९च्या वळणाची बुलेट विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनवत राहिली, आणि ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचे इंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकले. त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या कित्येक घरांत हे यंत्र अंगवळणी पडलेले होते. उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन माथ्याच्या जरासा पुढे न्यायचा, मग पूर्ण किक. टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर. हे ज्याने केले आहे त्याला सॉलिहलच्या रांगेत त्या तरफा लगेच सापडतात आणि त्यांचा फोटो कोणत्या बाजूने घ्यावा हे कुणी सांगावे लागत नाही.

आज या रांगेतल्या बऱ्याच नावांच्या मालकीचे किंवा उत्पादनाचे धागे भारतात पोचले आहेत. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसने घेतली, बीएसए महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आली, आणि ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी २०२३ पासून बजाज चाकणला बनवते. हे अभिमानाने सांगितले जाते, आणि सांगावेच. पण मला चिंता वाटते ती आपल्या स्वतःच्या गाड्यांची. कायनेटिकची लुना १९७२ साली आली. त्याच सुमारास आकुर्डीहून चेतक निघाली. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली राजदूत गावोगाव पोचली. म्हैसूरच्या जावा-येझदी कॉलेजांबाहेर उभ्या असत. इंग्लंडने आपल्या गाड्यांची जशी नोंद ठेवली, तशी पद्धतशीर नोंद या गाड्यांची झालेली मला दिसत नाही.

त्यांचे प्रश्न वेगळे होते, म्हणून फोटोंचे कोनही वेगळे येतील. लुनाचा प्रश्न होता किमान खर्चात, परवडेल त्या पेट्रोलमध्ये, सायकलवाल्याला इंजिन कसे द्यायचे. तिचा फोटो पेडलसकट आणि पेडलच्या उंचीवरून घ्यायला हवा. राजदूतचा प्रश्न होता ओझ्याचा. पहाटे गावातून निघून शहरात दूध घालणाऱ्यांनी तिच्या मागच्या बाजूला स्थानिक लोहाराकडून कॅरियर करून घेतले, दोन्ही अंगांना कॅनसाठी आकडे जोडून घेतले. त्या जोडकामाचा नमुना तालुक्यागणिक बदलतो. हे कारखान्याच्या कुठल्याही कागदावर नाही, आणि गाडी नवीकरणाला गेली की गॅरेजवाला पहिल्यांदा तेच कापून टाकतो, मडगार्डवरचे कॅनचे पोचे भरून काढतो आणि वर रंग मारतो. त्या लोखंडाचे फोटो गाडी गॅरेजात जाण्याआधी, दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले असावेत.